पाणी पडद्याला भिडते तेथे

संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर



संस्थेच्या चिटणीसांचे निमंत्रणाचे पत्र आले त्यात शेवटी एक ओळ होती. "आपण नेमके काय काम करता ते पालकांना समजेल अशा भाषेत सांगावे." ओळ साधी, पण तिने मला पंधरा दिवस बेचैन केले. हाच प्रश्न माझी अम्मी मला वर्षानुवर्षे विचारीत आली आहे आणि दर वेळी मी "कॉम्प्युटरचे काम आहे" एवढेच सांगून तो टाळीत आलो आहे. शेजारणींनी विचारले की ती बिचारी सांगते, "पाण्याचे काही तरी करतो, पण पाण्याला हात लावत नाही." खरे सांगायचे तर माझ्या कामाचे याहून अचूक वर्णन मला आजवर सुचलेले नाही. पाणी गाळण्याचे जे पडदे असतात त्यांच्या पृष्ठभागाशी पाणी कसे वागते, हे मी पाण्याला हात न लावता, आकडेमोडीने पाहतो. ही आकडेमोड संगणक करतो. पण कशाची आकडेमोड करायची आणि आलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, हे माणसालाच ठरवावे लागते. त्यात माणूस चुकतो कसा, हेही मी आज सांगणार आहे, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

सुरुवात मी माठापासून करतो.

येथे बसलेल्या भगिनींपैकी जिने माठ कधी घासलेला नाही अशी क्वचितच कोणी असेल. माठात आपण स्वच्छ पाणी भरतो, झाकण ठेवतो, ओगराळ्याने पाणी काढतो. तरीही चार दिवस माठ घासला नाही तर आतून हात फिरवल्यावर बुळबुळीत लागते. मशिदीच्या हौदाच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर तोच बुळबुळीतपणा पायाखाली येतो आणि एखादे मूल सपशेल घसरते. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. हौदावरचे हिरवे शेवाळ असतेही, पण माठाच्या आतला बिनरंगी थर मुख्यतः जीवाणूंचा असतो. हे जीवाणू पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट पदार्थाचे आवरण तयार करतात आणि त्यात वस्ती करून राहतात. एकदा वस्ती बसली की वाहते पाणी ती उठवू शकत नाही. म्हणून तर काथ्या घेऊन माठ घासावा लागतो.

आता असा विचार करा, की माठ घासता येतो, पण ज्या वस्तूला काथ्या लावताच ती फाटेल तिचे काय करायचे?

पाणी गाळण्याचा आर. ओ. पडदा ही तशी वस्तू आहे. घराघरांत आज आर. ओ.ची यंत्रे आली आहेत, त्यामुळे हा शब्द तुम्हाला नवा नाही. त्यातील नळकांड्यात एक पातळ पडदा गुंडाळून बसवलेला असतो. दाब देऊन त्यातून पाणी ढकलले की पाणी पलीकडे जाते आणि मीठ अलीकडे राहते. समुद्राचे पाणी असेच गोडे करतात. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० साली आणि नेम्मेली येथे २०१३ साली असे कारखाने सुरू झाले. प्रत्येकाची क्षमता दिवसाला १० कोटी लिटर गोड्या पाण्याची होती. समुद्राच्या पाण्यातील मिठामुळे जो परासरण दाब असतो तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २७ पट भरतो. त्याला मागे सारून पाणी पलीकडे न्यायचे तर साधारण ५५ ते ७० पट दाब द्यावा लागतो. हा सगळा मारा जो थर सहन करतो त्याची जाडी किती असेल? एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातील एक-दोन भाग, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या शेकडो पट पातळ. त्याखाली आधाराला जाड सच्छिद्र थर असतात, पण मीठ अडवण्याचे खरे काम हा पातळ थरच करतो.

असा पडदा प्रत्यक्षात आणणाऱ्या दोघांपैकी एक भारतात जन्मलेले होते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६०च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा बनवला. १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोअलिंगा या गावात अशा पडद्यांवर चालणारे संयंत्र गावाला पाणी देऊ लागले. पुढे १९७०च्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा अतिपातळ थर तयार करण्याची रीत काढली आणि आजचे बहुतेक पडदे त्याच जातीचे असतात. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पडद्यांवर काम झालेले आहे. दोन्ही ठिकाणे आपल्यापासून फार दूर नाहीत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

पण पॉलिअमाइडची एक दुखरी नस आहे. पाण्यातील जंतू मारण्याचा आपला जुना उपाय म्हणजे क्लोरीन. आणि क्लोरीन नेमके या पडद्याचे रेणूच तोडते. म्हणजे जंतू माराल तर पडदा जातो आणि पडदा सांभाळाल तर जंतू वस्ती करतात. वस्ती बसली की त्याच पाण्यासाठी जास्त दाब, जास्त दाबासाठी जास्त वीज, मग धुण्याची रसायने, आणि शेवटी पडदाच बदलायचा. हा खर्च अखेर पाणी पिणाऱ्याच्या माथी बसतो.

हा प्रश्न मला पहिल्यांदा भिडला तो मात्र पाण्यामुळे नव्हे. माझे मामू शेवटची काही वर्षे डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. मी तेव्हा बी. एस्‌सी.ला होतो आणि त्यांना घेऊन जाण्याची पाळी बहुधा माझ्यावर येई. त्या यंत्राला लावलेल्या पारदर्शक नळकांड्यात पांढऱ्या दोऱ्यांचा जुडगा दिसे. ते दोरे म्हणजे केसासारख्या पोकळ नळ्या असतात, एका नळकांड्यात हजारोंनी. रक्त नळीच्या आतून जाते आणि नळीच्या भिंतीतून नको ती द्रव्ये बाहेर पडतात. भिंत म्हणजे पुन्हा पडदाच. रक्त त्याला लागले की काही क्षणांत रक्तातली प्रथिने त्यावर बसू लागतात आणि त्यांच्या मागोमाग रक्त गोठण्याची क्रिया जागी होते. म्हणून हेपॅरिन हे औषध द्यावे लागते. एकदा नळकांड्यात काही दोरे लाल राहिलेले पाहून मामूंनी मला विचारले, "बेटा, तू सायन्स शिकतोस ना? हे रक्त आत का अडकते?" मला उत्तर आले नाही. नर्सबाईंनी "होते असे कधी कधी" म्हणून समजूत घातली. मामू २००१ साली गेले. त्यांच्या प्रश्नाचे पहिले अक्षर मला कळू लागले ते त्यानंतर पाच-सहा वर्षांनी.

ते पहिले अक्षर असे. पडद्यावर सर्वांत आधी जीवाणू बसत नाही, प्रथिनही बसत नाही. सर्वांत आधी बसते ते पाणी. कोणतीही वस्तू पाण्यात बुडवली की तिच्या अंगाला पाण्याच्या रेणूंचा थर लागतो. प्रथिनाला तेथे जागा हवी असेल तर या पाण्याला उठवावे लागते. पाणी सहज उठत असेल तर प्रथिन बसते, प्रथिनाच्या अंगावर जीवाणू बसतो आणि मग माठातली कथा सुरू होते. पाणी घट्ट बसलेले असेल तर प्रथिन येते, घुटमळते आणि निघून जाते.

लग्नाच्या जेवणात दस्तरखानाची आठवण करा. एक पाहुणा उशिरा आला आणि दस्तरखानावर खांद्याला खांदा लावून माणसे बसलेली आहेत, तर तो दारातच उभा राहतो. हा दाखला मी अनेकदा देतो, पण तो थोडा फसवा आहे हेही सांगायला हवे. दस्तरखानावरची माणसे जेवण होईतो हलत नाहीत. पाण्याचे रेणू मात्र क्षणोक्षणी उठतात आणि दुसरे त्यांच्या जागी बसतात. मोकळ्या पाण्यात दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास टिकतो. तेव्हा कोणता रेणू बसला आहे याला महत्त्व नाही. जागा रिकामी राहत नाही आणि ती रिकामी करवून घेण्याला मोठी किंमत मोजावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

मग पाण्याला घट्ट बसवणारा पृष्ठभाग कसा करायचा? येथे पॉलिमर येतात. आपल्या शास्त्रीय मराठीत त्यांना बहुवारिके म्हणतात. एकच घटक पुन्हा पुन्हा जोडून केलेल्या त्या लांब साखळ्या असतात. जुना उपाय म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या पडद्यावर गवतासारख्या उभ्या करायच्या. तिच्यातील ऑक्सिजन अणू पाण्याला हायड्रोजन बंधाने धरतो. उपाय चांगला, पण काळ गेला की हवेतल्या ऑक्सिजनने ही साखळी झिजते. दुसरा उपाय आपल्या शरीराकडूनच उचललेला आहे. रक्तपेशीच्या बाह्य कवचावर फॉस्फोरिलकोलीन नावाचे गट असतात. त्यांत एका टोकाला धन विद्युतभार आणि दुसऱ्या टोकाला ऋण, बेरीज शून्य. जपानमध्ये नाकाबायाशी आणि इशिहारा यांनी हाच गट अंगावर घेतलेले पॉलिमर तयार केले. आज ते कॉन्टॅक्ट लेन्समध्ये आणि कृत्रिम सांध्यांवरही वापरले जाते. याच जातीची सल्फोबेटेन आणि कार्बोक्सिबेटेन ही पॉलिमरे पुढे अमेरिकेत शाओयी जियांग यांच्या प्रयोगशाळेने पुष्कळ अभ्यासली. इथिलीन ग्लायकॉलचा एक घटक सुमारे एका पाणीरेणूला धरून ठेवतो, तर सल्फोबेटेनचा एक घटक सात-आठ रेणूंना. कारण विद्युतभाराची पकड हायड्रोजन बंधाहून जबर असते.

तिसरी एक वाट आहे आणि ती मला सर्वांत मोहक वाटते. मासारू तानाका या जपानी शास्त्रज्ञांनी पीएमईए नावाच्या एका साध्या पॉलिमरचा अभ्यास केला. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्ताला प्राणवायू देणारे जे यंत्र असते त्याच्या पडद्याला हा लेप देतात. त्यात विद्युतभार नाहीत, पाण्याची फार ओढही नाही, तरी रक्त त्याला कमी चिकटते. तानाकांनी ओले पॉलिमर गोठवून पाहिले आणि त्यातले पाणी तीन प्रकारचे असल्याचे मांडले. एक पाणी कितीही थंड केले तरी गोठतच नाही. दुसरे नेहमीसारखे शून्याच्या आसपास गोठते. तिसरे मात्र थंड करताना गोठत नाही, पण पुन्हा गरम करू लागले की शून्याच्या बरेच खाली असतानाच त्याचे बर्फ होते. गरम करताना गोठणारे पाणी! त्याला त्यांनी मधले पाणी म्हटले, आणि रक्ताला परके न वाटणारा पृष्ठभाग या मधल्या पाण्यामुळे होतो असे त्यांचे म्हणणे. ते सर्वांना पूर्ण पटलेले नाही. विज्ञानात असे वाद चालतात आणि चालावेत.

तर हे पाणी पाहायचे कसे? पृष्ठभागाला लागून असलेल्या एका थराची जाडी मिलिमीटरच्या तीस लाखाव्या भागाएवढी. उपकरणे त्याचा सुगावा देतात, पण ती कोट्यवधी रेणूंची सरासरी सांगतात. एक रेणू आला कोठून, बसला किती वेळ, तोंड कोणीकडे करून बसला, हे सांगत नाहीत. येथे संगणकाची गरज लागते. आणि येथे मला एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे, कारण या सभागृहातील फार थोड्यांनी ते ऐकले असेल.

अनीसुर रहमान. जन्म हैदराबाद, १९२७. त्या काळी आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता, म्हणजे हा माणूस एका अर्थी आपल्या शेजघरातला. केंब्रिजला शिकले, बेल्जियममधील लूव्हेन येथे डॉक्टरेट केली आणि १९६० साली अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. त्यांच्या आधी १९५७ साली ऑल्डर आणि वेनराइट यांनी संगणकात कठीण गोट्यांची टक्कर घडवून द्रवाचा अभ्यास केला होता. पण खरे अणू गोट्यांसारखे नसतात. ते एकमेकांना ओढतात आणि फार जवळ आले की ढकलतात. १९६४ साली रहमान यांनी द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू घेतले, प्रत्येकावर बाकीच्यांचा जोर किती पडतो ते मोजले, न्यूटनच्या नियमाने प्रत्येकाला किंचित पुढे सरकवले आणि पुन्हा मोजले. आजही आम्ही तेच करतो. १९७१ साली फ्रँक स्टिलिंजर यांच्याबरोबर त्यांनी पाणी घेतले. २१६ रेणू, बस्स. संगणकात वाहिलेले हे पहिले पाणी म्हणायला हरकत नाही. १९८७ साली ते वारले. संगणकीय भौतिकशास्त्रासाठी अमेरिकन फिजिकल सोसायटी जे पारितोषिक देते ते त्यांच्या नावाने आहे. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंची नावे पाठ असतात, त्याला माझी हरकत नाही. त्या यादीत हे एक नाव वाढवा, एवढीच विनंती आहे.

आता हे काम चालते कसे ते थोडक्यात. पाण्याचा रेणू म्हणजे एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, हे सातवीच्या मुलालाही ठाऊक असते. संगणकाला आम्ही सांगतो की ऑक्सिजनवर इतका ऋण भार आहे आणि प्रत्येक हायड्रोजनवर इतका धन. टीआयपी-३पी नावाच्या एका प्रचलित नमुन्यात हे आकडे उणे ०.८३४ आणि अधिक ०.४१७ असे आहेत. दोन हायड्रोजनांचे मिळून ०.८३४ होतात हे बेरीज करणाऱ्यांच्या लक्षात आले असेल. मग पॉलिमरच्या साखळ्या रचायच्या, वर पाण्याचे काही हजार रेणू ओतायचे आणि सगळे एका चौकोनी पेटीत ठेवायचे. पेटीला भिंती नसतात. उजवीकडून बाहेर पडलेला रेणू डावीकडून आत येतो, जसे समोरासमोर आरसे लावले की एकच खोली पुढे पुढे दिसत राहते. नंतर वेळ पुढे न्यायची, एका पावलाला साधारण दोन फेम्टोसेकंद. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. शंभर नॅनोसेकंदांचे चित्र हवे असेल तर पाच कोटी पावले टाकावी लागतात. आणि शंभर नॅनोसेकंद म्हणजे किती? डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळाचा दहा लाखावा भागही नाही.

मी तुम्हाला भुलवू इच्छित नाही. आमच्या पेटीत पाण्याचे काही हजार रेणू असतात, तर खऱ्या एका थेंबात एकावर एकवीस शून्ये याहूनही अधिक. आम्ही पाहतो तो काळ नॅनोसेकंदांचा आणि पडद्यावर थर बसतो तो दिवसांनी आणि आठवड्यांनी. शिवाय पाण्याचा कोणताही नमुना पूर्ण खरा नाही. टीआयपी-३पीचे पाणी खऱ्या पाण्याच्या दुपटीहून अधिक वेगाने पसरते. टीआयपी-४पी या त्याच्या भावंडाचे बर्फ शून्याखाली सुमारे चाळीस अंशांवरच वितळते. अशा पाण्याने तानाकांच्या गोठणाऱ्या पाण्याचा निवाडा करायला बसलो तर न्यायाधीशच कच्चा निघेल. म्हणून आम्ही एकट्या आकड्यावर विसंबत नाही, दोन पृष्ठभागांची तुलना करतो. याच्यापाशी पाणी जास्त वेळ रेंगाळते की त्याच्यापाशी, असे विचारले तर नमुन्यातला दोष दोन्हीकडे साधारण सारखा पडतो आणि उत्तर बरेच भरवशाचे मिळते.

या रीतीने पुष्कळ हाती लागले आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम नावाचे प्रथिन असते. ते संगणकात हळूहळू पृष्ठभागाकडे आणले आणि त्याला कोणता जोर जाणवतो ते मोजले, तेव्हा दोन्ही भार असलेल्या पृष्ठभागाजवळ ते मागे ढकलले जाते असे दिसले. आणि ढकलणारा होता तो मुख्यतः मधला पाण्याचा थर. मामूंच्या प्रश्नाचे उत्तर मी आता देऊ शकलो असतो. मामू, त्या नळीच्या भिंतीवरचे पाणी फार लवकर जागा सोडत होते.

आता माझी चूक. हे लिहून काढताना दोनदा वाटले की गाळावी. पण येथे विद्यार्थी बसले आहेत आणि त्यांना फक्त बक्षिसांच्याच गोष्टी ऐकवल्या जातात.

डॉक्टरेटच्या तिसऱ्या वर्षी मी सल्फोबेटेनच्या साखळ्यांचा एक पडदा संगणकात रचला. साखळ्या कोरड्या रचल्या, घट्ट दाबल्या आणि वर पाणी ओतले. वीस नॅनोसेकंद झाले, पाणी आत शिरेना. वरवर बसून राहिले. मी तर हरखून गेलो. सगळे जग म्हणते हे पॉलिमर पाणी पितात आणि मी दाखवतो आहे की पाणी वरच्या एका थरातच राहते! मी भराभर लेख लिहिला, एका परिषदेला सारांश पाठवला, तो स्वीकारलाही गेला. घरी फोन करून अम्मीला सांगितले. तिने शेजारी साखर वाटली.

परिषदेच्या दीड महिना आधी आमच्या गटातील एका ज्येष्ठ बाईंनी माझी चित्रे पाहिली आणि एकच प्रश्न विचारला. "तू कोरड्यापासून सुरुवात केलीस. ओल्यापासून करून पाहिलेस का?" मी केले नव्हते. त्या रात्री साखळ्या आधी पाण्यात मोकळ्या सोडल्या आणि मग तेच गणित चालवले. वीस नॅनोसेकंदांनंतरही पाणी आतच होते, साखळ्यांच्या मुळापर्यंत. एकच पडदा, एकच पाणी, एकच तापमान आणि दोन परस्परविरुद्ध उत्तरे! कारण उघड होते. कोरड्या साखळ्यांतील धन टोके शेजारच्या ऋण टोकांना गच्च धरून बसली होती आणि ती मिठी सुटायला वीस नॅनोसेकंद पुरणारे नव्हते. मी पडद्याचा स्वभाव म्हणून जे सांगत होतो तो माझ्या रचनेचा स्वभाव होता. दोन वाटांनी निघालो तर एकाच गावी पोचायला हवे. पोचत नसू तर आपण अजून वाटेतच आहोत, एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो.

सारांश मी मागे घेतला. ते पत्र लिहायला मला चार दिवस लागले. पुढचे आठ महिने गणित लांबवण्यात गेले, आणि त्यात मीठ घातल्यावर खरा रंग दिसला. खाऱ्या पाण्यात मिठाचे आयन त्या धन-ऋण मिठ्या सैल करतात आणि साखळ्या फुगून उभ्या राहतात. गोड्या पाण्यात बहुतेक विद्युतभारित पॉलिमर फुगतात आणि मिठाने आक्रसतात, याचे मात्र उलटे. प्रयोगशाळेत हे पूर्वीच दिसलेले होते. मी वाचलेही होते, पण वाचलेले आणि आपल्या पेटीत घडत असलेले यांची गाठ घातली नव्हती. अम्मीला फोन करून सांगितले की ते चुकीचे निघाले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "साखर तर लोकांनी खाल्ली." याहून वेगळा टोमणा तिने कधी मारला नाही.

पालकांनी मला आधीच चिठ्ठीवर दोन प्रश्न पाठवले आहेत, त्यांची उत्तरे देऊन मी आटोपते घेतो. एका भाईंनी विचारले आहे की बाजारात "थर बसत नाही" असा पडदा म्हणून जास्त पैसे मागतात, घ्यावा का. माझे उत्तर असे की थर अजिबात बसत नाही असा पडदा मी पाहिलेला नाही. उशिरा बसणारा आणि सहज धुतला जाणारा पडदा असतो. विक्रेत्याला विचारा, किती महिन्यांनी, कोणत्या पाण्यावर. तुमच्या विहिरीचे पाणी आणि त्याच्या पाटीवरचे पाणी एक नव्हे.

दुसरी चिठ्ठी एका भगिनीची आहे. "मुलगी दहावीला आहे, गणितात चांगली आहे, पण या कामाला महागडे यंत्र लागेल, परदेशी जावे लागेल, मुलीच्या जातीला हे झेपेल का?" परदेशी गेले तर चांगले, पण जावेच लागते असे नाही. १९९१ साली पुण्यातच परम संगणक तयार झाला आणि आज मोठे संगणक आपल्या संस्थांमध्ये आहेत. सुरुवातीला तर तेही लागत नाहीत. हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठात जन्मलेली ग्रोमॅक्स नावाची आज्ञावली फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. लागते ते गणित, पदार्थविज्ञान आणि रसायन. यातले एकही अकरावीला सोडू नये, सोपे विषय घेऊन टक्केवारी वाढवण्यासाठी तर मुळीच नको. आणि मुलीच्या जातीला झेपेल का, याचे उत्तर मी वर देऊन चुकलो आहे. माझी चूक पकडणाऱ्या बाईंनी ती पाच मिनिटांत पकडली होती. त्या भगिनींनी कार्यक्रमानंतर मला अवश्य भेटावे, मुलीलाही बरोबर आणावे.

एक शेवटची गोष्ट. सकाळी शाळेत आलो तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या संगणक कक्षातील एक यंत्र मी मुख्याध्यापकांच्या परवानगीने अडवून ठेवले आहे. त्यावर पाण्याचे २१६ रेणू सोडले आहेत, बरोबर तेवढेच जेवढे रहमान यांनी १९७१ साली घेतले होते. पडद्यावर लाल ठिपका दिसेल तो ऑक्सिजन आणि पांढरे दोन दिसतील ते हायड्रोजन. एका रेणूला मी मुद्दाम हिरवा रंग दिला आहे, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवता येईल. बक्षीस समारंभ आटोपल्यावर पाच-पाच जणांनी वर यावे, लहान मुलांना पुढे उभे करावे. वीज गेली नसेल तर तो अजून आपल्या शेजाऱ्यांना सोडत आणि नवे शेजारी धरत फिरत असेल.